झोप लागली होती, असे घड्याळ म्हणते

पूर्वी माणूस सकाळी उठायचा आणि झोप झाली की नाही, हे त्याचे त्यालाच कळायचे. हा अडाणीपणा कित्येक पिढ्या चालला. मी आता डोळे उघडतो, पण मत बनवत नाही. आधी मनगट पाहतो. घड्याळाने ८२ गुण दिले तर ताजातवाना असतो. ५४ दिले की लगेच अंग मोडून येते. परवा गजरसुद्धा ऐकू आला नाही इतका गाढ झोपलो, पण घड्याळ रात्रभर चार्जिंगला होते. नोंदच नाही म्हटल्यावर ती झोप कशी धरायची? दुपारी पट्टा आवळून पुन्हा झोपलो.

पावलांचेही तसेच. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये कमरेला लावायचे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. आकडा गोल होता, जाहिरातीत शोभत होता, एवढ्यावर तो जगभर आरोग्याचा मापदंड झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपासच फायदा थांबलेला दिसला. असेल. पण असल्या अभ्यासांपायी श्रद्धा सोडणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

आमच्या शेजारचे काका रात्री पावणेबारापर्यंत गॅलरी ते मोरी अशा येरझाऱ्या घालून दहा हजार पुरे करत. गुडघे कुरकुरत, पण गुडघ्याचा रकाना घड्याळात नसल्याने ते दुखणे अधिकृत नव्हते. मग त्यांना शोध लागला, की घड्याळ पाय मोजत नाही, हात हलला की मोजते. तेव्हापासून सकाळी पोळ्या लाटताना घड्याळ काकूंच्या हातात असते. काकांची प्रकृती झपाट्याने सुधारते आहे. पाहुणे आले की ती विशेष उत्तम असते.

वैद्यकाची खरी प्रगती मात्र अंतरात मोजावी. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली, आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. डॉक्टर आणि रोगी यांच्यात तेव्हा वीतभर अंतर पडले. आपण ते तेवढ्यावर थांबू दिले नाही. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे दूरवैद्यकाचे नियम आले आणि अंतराला मर्यादाच उरली नाही. माझ्या पहिल्या व्हिडिओ तपासणीत डॉक्टर म्हणाले, “जीभ दाखवा.” मी दाखवली, आणि नेटवर्क गेले. त्यांच्या पडद्यावर ती चार मिनिटे जशीच्या तशी होती म्हणे. समोर बसलो असतो तर माझ्या जिभेला चार मिनिटे कोणी दिली असती?

माझ्याकडे आरोग्याच्या सरकारी ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांकही आहे. आजार दोनच आहेत, पण तयारी मोठी हवी. मागे एका रुग्णालयात फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला आणि रांगेत न थांबता टोकन मिळाले. ते घेऊन खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, “जुना केसपेपर आणलाय का? झेरॉक्स?” झेरॉक्सची रांग बाहेर होती. तीत उभे राहून साडेतीनशे पावले झाली, कारण मी हात हलवत होतो.

नतद्रष्ट माणसे सगळीकडे असतात. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी पोषणाची नोंद करण्यासाठी मिळालेले सरकारी मोबाईल आंदोलन करून परत केले. कारणे अगदी किरकोळ: फोन तापतो, अडकतो, ॲप इंग्रजीत आहे. म्हणजे पोराचे वजन करता येते, वहीत मराठीत लिहिता येते, ते घटले तर त्याच्या आईला समजावताही येते, आणि एवढ्या भांडवलावर या बायका तंत्रज्ञानाशी वाद घालणार! पोर वाळले आहे हे नुसते बघून ओळखणाऱ्या माणसांचे पुढे काय होणार, याची मला काळजी वाटते.

असो. हे लिहीपर्यंत घड्याळ मनगटावर दोनदा थरथरले: ‘उठा, चाला.’ काकूंकडे आज पुरणपोळ्यांचा घाट आहे. घड्याळ पाठवून दिले आहे.