छेद घालवण्याचा घरगुती विधी

साहित्य: चौकटीची वही, शिसपेन्सिल, न कुरतडलेला खोडरबर, इयत्ता आठवीतले एक मूल आणि मंद गॅसवर अर्धा लिटर दूध. दुधाचे प्रयोजन शेवटी कळेल.

वेळ: रात्रीची जेवणे उरकल्यावर, पावणेनऊला. 'पावणेनऊ' वाचताना तुमच्या पोटात गोळा आला नाही, याची नोंद घ्यावी. मराठी माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत अपूर्णांकात वावरतो. सव्वा रुपया दक्षिणा ठेवतो, अडीच किलो कांदे घेतो, साडेसातीला भितो आणि शेजाऱ्याला दीडशहाणा म्हणतो. मुहूर्त मानतो तेही साडेतीन. पेशवाईतले शहाणे मोजले तर तेही साडेतीनच भरले, आणि त्यातले अर्धे म्हणजे साक्षात नाना फडणवीस. आपल्या पणजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, झालेच तर साडेतीनची औटकीसुद्धा तोंडपाठ असे. त्यांचेच हे वंशज, 'क्ष छेद तीन' दिसले की पंख्याचा वेग वाढवतात.

नमुन्यादाखल पुढील समीकरण घ्यावे:

(क्ष + १)/३ − (क्ष − २)/४ = २

प्रथम काहीही करू नये. हा या विधीतला सर्वांत कठीण भाग आहे, कारण याच वेळी घरातले कोणीतरी सोफ्यावरून मान न वळवता 'तिरकस गुणाकार कर' असे सांगते. बहुधा काका. तिरकस गुणाकार डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोनच अपूर्णांक समोरासमोर बसलेले असतील तर करावा. इथे डावीकडेच दोन आहेत. काकांना पान द्यावे, पेन्सिल देऊ नये.

दुसरा धोका काटाकाटीचा. (क्ष + ६)/६ असे काही दिसले की मूल वरचा सहा आणि खालचा सहा आनंदाने खोडते. वरचा सहा क्षच्या हाताला हात लावून बसला आहे, गुणाकाराने नव्हे, बेरजेने; त्याला एकट्याला उचलता येत नाही. हे समजावण्यात सरासरी एक खोडरबर जातो.

आता लसावि. छेद ३ आणि ४, त्यांचा लघुतम साधारण विभाज्य १२. हा आपला वाढपी. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात त्याने बारा वाढायचे. पहिल्या पानात बाराला तीनने भाग गेला, चार उरले, छेद उठून गेला. दुसऱ्या पानात बाराला चारने भाग गेला, तीन उरले, तोही छेद उठला. झाले, असे म्हणून वाढपी भांडे घेऊन परत फिरतो, आणि घात होतो तो इथेच. पंगतीच्या शेवटाला, बरोबर चिन्हाच्या पलीकडे, साधा दोन बसला आहे. त्याच्याखाली छेद नाही, त्यामुळे त्याला काही लागत असेल असे कुणाला वाटतच नाही. प्रत्येक लग्नात असा एक नातेवाईक असतो. तो मागत नाही, आणि पुढे वीस वर्षे विसरतही नाही. त्याच्याही पानात बारा पडलेच पाहिजेत. दोनाचे चोवीस झाले:

४(क्ष + १) − ३(क्ष − २) = २४

बघा, छेद गेले. आता कंस सोडवायचे. दुसऱ्या कंसाच्या दारात उणे चिन्ह उभे आहे. मूल उणे तीनने क्षला गुणते, −३क्ष लिहिते आणि पुढे −६ लिहून मोकळे होते. सुतक लागते ते अख्ख्या घराला, दारात पहिला दिसला त्याला एकट्याला नव्हे. आतल्या दोनाला आधीचेच एक उणे होते, त्यावर हे दुसरे आले आणि त्याचे अधिक सहा झाले. सुतकात सुतक फिटते म्हणतात, ते असे.

४क्ष + ४ − ३क्ष + ६ = २४, म्हणजे क्ष + १० = २४. आता दहा पलीकडे न्यायचे. जुन्या बीजगणितात समीकरणाच्या बाजूंना 'पक्ष' म्हणत, आणि पक्ष बदलला की चिन्ह बदलते, हा नियम. महाराष्ट्रात अलीकडे पक्षाबरोबर चिन्हही उचलून नेण्याची रीत रुजली असली तरी वहीत ती अजून आलेली नाही. क्ष = १४.

उत्तराखाली लगेच दोन रेघा ओढू नयेत. ताळा करावा: पंधराला तीनने भागून पाच, बाराला चारने भागून तीन, पाचातून तीन गेले, उरले दोन. मूल ताळा करीत नसेल तर पालकाने नुसते उत्तर पाहूनही निदान करता येते. क्ष = −८ आले असेल तर शेवटच्या पाहुण्याला वाढायचे राहिले. २६ आले असेल तर सुतक पाळले गेले नाही. ४ आले असेल तर दोन्ही. चौदा आले असेल आणि वहीत मधली एकही ओळ नसेल, तर पुस्तकाची शेवटची पाने तपासावीत.

आणखी एक जुना मार्ग आहे. त्याला आपण अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतो, भास्कराचार्यांनी 'इष्टकर्म' म्हटले, आणि नाव चांगले दिले की पद्धत शास्त्रशुद्ध होते. इ.स. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या लीलावतीत कमळांच्या राशीचे गणित आहे: एक तृतीयांश कमळे शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश देवीला आणि उरलेली सहा गुरूच्या पायी, एकूण कमळे किती? खुशाल समजा साठ. मग वीस, बारा, दहा, पंधरा मिळून सत्तावन्न देवांची झाली, गुरूला उरली तीन. प्रत्यक्षात मिळाली सहा, म्हणजे दुप्पट. तेव्हा राशीही दुप्पट करा: एकशे वीस. यात साठच का मानले, असे मूल विचारील. पन्नास मानले असते तर शंकराला सोळा कमळे आणि वर दोन तृतीयांश कमळ वाहावे लागले असते. तीन, पाच, सहा आणि चारचा लसावि साठ आहे. वाढपी मागच्या दाराने आलाच. मात्र आपल्या नमुन्यासारखे समीकरणात सुटे एक-दोन लोंबत असतील तर इष्टकर्माच्या वाटेला जाऊ नये. तिथे सरळ दुपटीचा हिशेब बसत नाही.

शेवटचे गणित असे असते:

क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २

विधी तोच. क्ष − ३ ने सर्वांना वाढा, दोनालाही. क्ष = ३ + २क्ष − ६. यातून क्ष = ३ असे गुळगुळीत उत्तर येते. मूल टाळी वाजवते. ताळा करायला जावे तर खाली छेदात तीन वजा तीन, शून्य. वाढपी म्हणून ज्याला सगळ्यांच्या पानात फिरवले, तोच शून्य निघाला. शून्य छेदाच्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' म्हटले, आणि कितीही मिळवा वा काढा, तिच्यात फरक पडत नाही म्हणून तिला सृष्टी आणि प्रलयातही न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली. आठवीच्या पेपरात यातले काही लिहू नये. 'समीकरणाला उकल नाही' एवढेच लिहावे.

यावर मूल विचारते, की सगळ्या पायऱ्या बरोबर, सर्वांना वाढले, कंस पाहिला, चिन्हे बदलली, तरी उत्तर नाही, असे कसे? आणि मग चौदा तरी खरे कशावरून?

दूध याच वेळी उतू जायला हवे. त्यासाठीच ते ठेवले होते.