उभ्या गाडीचे पैसे

आमच्या हरसूलच्या तात्यांना कोणी कंजूष म्हणालं, तर पहिला मी भांडेन. यंदा त्यांनी घर काढलंय. जुनी कौलं उतरवून स्लॅब झाला, आता स्वयंपाकघरात फरशी आणि ओट्यामागे डाडो चालू आहे. गवंडी गावचा, फरशीवाला नाशिकचा. बिगाऱ्यासकट सगळ्यांना दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, रविवारी गावठी कोंबडा. उचल मागितली की हात खिशात. छोट्या हत्तीचं भाडं दिलं, हमाली दिली, फरशीवाल्याच्या मोटारसायकलचं पेट्रोलही दिलं. पन्नास किलोमीटरच्या वर येणं-जाणं, त्यात त्र्यंबकच्या पुढचा डोंगराळ रस्ता. तात्यांनी हूं की चूं केलं नाही.

अडलं ते वीस रुपयांवर. फरशी पसंत करायला कारागीर नाशिकच्या बाजारपेठेत फिरला, गाडी पैसे देऊन लावली आणि पावती तात्यांपुढे ठेवली. तात्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे कसले?"

"पार्किंगचे, तात्या."

"म्हणजे गाडी उभी होती."

"हो."

"गाडी पळाली तर पेट्रोल जळतं, टायर झिजतं, ते मी देतो. उभी राहिली तर झिजलं काय?"

"जागेचं भाडं असतं ना!"

"जागा कोणी वापरली? गाडीनं. गाडी कोणाची?"

"पण तात्या, फरशी कोणाची?"

या प्रश्नावर तात्यांनी चहा मागवला. उत्तर सुचेनासं झालं की ते चहा मागवतात.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं, की १८७२ च्या करार कायद्यात कलम २२२ आहे. तुमच्या वतीने तुमचंच कायदेशीर काम करताना माणसाला जी झळ लागते, ती तुम्ही भरून द्यायची. तात्या म्हणाले, "१८७२ साली पार्किंग होतं का?" त्यांचा भाचा लंडनला असतो. त्याने फोनवर सांगितलं, की तिथे २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी घातली की वेगळा कर पडतो, आणि तो कर नि पार्किंग दोन्ही प्लंबर मुकाट बिलात लावतो. "म्हणूनच त्यांचं राज्य गेलं," तात्या म्हणाले आणि फोन मामींकडे दिला.

मला विचाराल तर तात्यांचा हिशेब जुना आहे, खोटा नाही. आमच्या या आदिवासी पट्ट्यात कारवीच्या कुडाची घरं उभी राहायची तेव्हा अख्खा पाडा हात लावायला यायचा. मजुरी म्हणजे जेवण. घर बांधायला आला तो पाहुणा. पाहुण्याच्या बैलांना पेंढा घालायचा, पण बैलगाडी झाडाखाली सोडली म्हणून भाडं कोणी कोणाला मागितलं नाही. तात्यांच्या लेखी पेट्रोल हा पेंढा आहे, पार्किंग मात्र झाडाचं भाडं. हरसुलात आजही बाजाराच्या दिवशी जीप जिथे थांबेल तिथे तळ. फार तर मागचा हॉर्न वाजवतो.

कारागीरही हट्टी. काम संपलं तेव्हा त्याने फुटांचा हिशेब मांडला, स्कर्टिंग वेगळं धरलं आणि तळाशी पार्किंगचे ऐंशी रुपये लिहिले. फेऱ्या वाढल्या होत्या. तात्यांनी बाकी सगळं मोजून दिलं आणि तेवढ्या ओळीवर काट मारली. मग आत जाऊन चार पायल्या तांदूळ आणि पाय बांधलेली एक कोंबडी घेऊन आले. "हे घरी ने. पार्किंगचे नाहीत हं!" कोंबडी ऐंशीच्या कितीतरी पट महाग होती. मामींनी ते बोलूनही दाखवलं. तात्या म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही."

तेव्हा हरसूलकडे काम धरणाऱ्या कारागिरांनो, उचल घेतानाच पार्किंगचं बोलून घ्या. नाहीतर गाडीला मागे कॅरियर बसवून या.