हातचा कुणाच्या हातात?

मराठी गणिताचा हातावर भारी जीव. बेरजेत हातचा, वजाबाकीतही हातचा. आणि वर्गात शिरल्याबरोबर आज्ञा काय, तर हाताची घडी, तोंडावर बोट! मोजायला मिळालेल्या दहा बोटांपैकी नऊ काखेत अटकेत आणि दहावं तोंडाच्या पहाऱ्यावर. पोराने हातचा ठेवावा कुठे? ४२ वजा १७ दिले की ते बिनदिक्कत ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवू. हिशेब मिटल्याशी कारण. आपण सांगतो, ‘शेजारून एक उसना घे.’ तो एक उंबरा ओलांडताच दहा होतो आणि परत कधीच केला जात नाही. असले व्यवहार सातव्या वर्षी शिकवायचे आणि पुढे पतपेढी बुडाली की हळहळायचं! त्यापेक्षा बाकावर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. सात काढायच्या तर एका गठ्ठ्याचं रबर सोडावंच लागतं. सुट्या होतात बारा. सात गेल्या, पाच उरल्या. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक गेला. २५. उसनं नाही, उधारी नाही, फक्त नोट मोडली. २०२२च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या जेमतेम २५.९ टक्के मुलांना अशी वजाबाकी जमली होती. बाकीची मुलं मठ्ठ आहेत, असं म्हणायला फार धारिष्ट लागेल.

त्यात आपले संख्यांचे उच्चार. ‘बावीस’मध्ये दोन आधी, वीस मागून, लिहिताना उलट. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नासचा डंका, अंकांत पाच औषधालाही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘वीस दोन’ असंही म्हणून पाहा, असं सुचवलं, तर कोट्या थेट विधानसभेपर्यंत गेल्या. खरं तर भाषा बदलायचीही गरज नाही. चार गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर ठेवल्या की पाचवा गठ्ठा बांधायला एकच काडी उणी आहे, हे दिसतं. तेच एकोणपन्नास!

‘आम्ही पावकी-निमकीचे पाढे पाठ केले, आमचं काय अडलं?’ हा आक्षेप हमखास येतो. अडलं नाही, कारण रुपयाचे सोळा आणे होते आणि पावकी रोज बाजारात वापरली जायची. १९५७ला दशमान नाणी आली आणि तिची नोकरीच गेली. दुसरा आक्षेप, ‘परीक्षेला काड्या न्यायच्या का?’ नाही. प्रत्येक गठ्ठा सोडताना शेजारी वहीत चाराचे तीन करायचे, म्हणजे काही दिवसांनी काड्या आपोआप बाजूला पडतात. वही बंद ठेवली तर मात्र काड्यांची घरं बांधली जातात, हे मान्य. गोंगाट होतो, हेही मान्य. बाजारातही होतो, म्हणून हिशेब थांबत नाहीत. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे चाळीस मुलं घडी घालून बसलेली आणि काड्या गुरुजींच्या हातात. गुरुजींना वजाबाकी येते. गठ्ठ्याचं रबर मुलालाच सोडू द्या.