अडचण कशी निर्माण करावी: गिटारवादकांसाठी चार तारांची कृती

गिटार शिकून दोन-तीन वर्षं झाली की वादकाला एक आजार जडतो. गिटार मांडीवर घेतली रे घेतली की बोटं आपली जी, डी, ई मायनर, सी या वाटेला लागतात. नवं गाणं रचायला बसलेला माणूस जुनंच गाणं नव्या शब्दांत म्हणून उठतो. यावर बाजारात पुष्कळ उपाय आहेत. महागडं पेडल, त्याहून महागडी गिटार, आणि ती कशी वाजवावी याचा ऑनलाइन कोर्स. आमचा उपाय फुकट आहे. गिटारच्या सहापैकी दोन तारा काढून टाकायच्या आणि उरलेल्या भलत्याच सुरांना लावायच्या.

कृतीआधी थोडं शास्त्र. ज्या थोरांनी गिटारशी असा वेडेपणा केला, त्यांतल्या बहुतेकांना प्रतिभा वगैरे जागवायची नव्हती. त्यांना अडचण होती. जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला आणि नेहमीच्या कॉर्ड धरणं जड जाऊ लागलं. मग तिने खुंट्या अशा पिळल्या की सोप्या बोटांतही भरगच्च कॉर्ड उमटावी. अशी पन्नासेक ट्यूनिंग तिने वापरली. अमेरिकेत बँजो मागे पडून नाचाच्या बँडना गिटार हवीशी झाली, तेव्हा टेनर बँजोवाल्यांच्या पोटावर पाय आला. सहा तारा नव्याने शिकायला सवड कोणाला? म्हणून १९२०च्या दशकात चार तारांची टेनर गिटार चालली. अंग गिटारचं, ट्यूनिंग बँजोचं. कीथ रिचर्ड्सला ओपन जी ट्यूनिंगमध्ये सहावी तार नुसती मध्ये येत होती. त्याने ती काढूनच टाकली, आणि १९६९चं ‘हॉन्की टॉन्क विमेन’ उरलेल्या पाच तारांवर वाजलं.

आपलं मात्र दोन्ही हातांचं ठीक चाललं आहे, पगार बँडवर अवलंबून नाही आणि सहाच्या सहा तारा मुकाट्याने वाजतात. थोडक्यात, आपल्याकडे अडचणच नाही. ती मुद्दाम तयार करावी लागेल.

तारा कोणत्या काढाव्यात, इथेच नवखा साधक फसतो. तो जाड्या दोन तारा, सहावी आणि पाचवी, काढून मोकळा होतो. उरतात डी, जी, बी, ई. टेनरवाले याला शिकागो ट्यूनिंग म्हणतात, म्हणजे ते प्रतिष्ठितही आहे. पण बोटांना सगळं ओळखीचंच राहतं. त्याच कॉर्ड, खर्ज तेवढा गेला. याला अडचण म्हणत नाहीत, गैरसोय म्हणतात.

आपण सहावी आणि दुसरी काढायची. ताणलेली तार पकडीने कापू नये, आधी खुंटी सैल करावी. डोळे दोनच असतात. मग पाचवी तार ए वरून जी पर्यंत उतरवा. चौथी डी आणि पहिली ई यांना हात लावू नका. तिसरी तार जी वरून ए पर्यंत चढवा, तीही सावकाश. झालं जी-डी-ए-ई. हे व्हायोलिनचंच ट्यूनिंग, एक सप्तक खाली. नेहमीच्या गिटारवर शेजारच्या तारांत षड्ज-मध्यम भाव असतो, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत षड्ज-गंधार. आता सगळीकडे षड्ज-पंचम. पाठ केलेला एकही आकार लागू पडत नाही, आणि आजवर ऐषारामात राहिलेल्या करंगळीला दर दोन सेकंदांनी ताणावं लागतं.

उत्साहाच्या भरात टेनर गिटारचं अस्सल सी-जी-डी-ए लावायला मात्र जाऊ नये. त्यात पहिली तार ई वरून वरच्या ए पर्यंत न्यावी लागते. टेनरची तार जेमतेम २३ इंच लांब, तिला ते झेपतं. आपल्या साडेपंचवीस इंचांवर ती बहुधा वाटेतच तुटते. मग तीन तारा उरतात, आणि त्याची कृती वेगळी आहे.

पहिले काही दिवस घरात विचारणा होईल. “अरे, दोन तारा कुठे गेल्या?” उत्तर तयार ठेवावं: “टिनी ग्राइम्सही चारच तारांवर वाजवायचा. १९४४ साली त्याच्या रेकॉर्डिंगला चार्ली पार्कर होता.” आईला टिनी ग्राइम्स ठाऊक नसतो, पण नाव ठामपणे घेतलं की चौकशी थांबते.

मग एका संध्याकाळी चुकीच्या फ्रेटवर चुकीचं बोट पडतं आणि कधी न ऐकलेलं काहीतरी उमटतं. साधकाने लगेच स्वतःला कलावंत समजू नये. हा निव्वळ अज्ञानाचा फायदा आहे. बोटांना वाट ठाऊक नाही, म्हणून कानाला पुढे व्हावं लागलं, एवढंच. आणि अज्ञान फार टिकत नाही. डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोत ऊद ऐकला आणि डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग रूढ केलं. पुढे आयरिश आणि स्कॉटिश धुना वाजवणाऱ्यांनी ते इतकं उचललं की तीच एक मळलेली वाट झाली. तुमच्या चार तारांवरही बोटं लवकरच नवं घर करतील. तसं झालं की आणखी एक तार बेसूर लावा.

दरवेळी ट्यूनिंग वहीत मात्र लिहून ठेवा. सॉनिक यूथ या बँडची गाणी ठरावीक गिटारींवर, ठरावीक विचित्र ट्यूनिंगमध्ये रचलेली होती. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला आणि गिटारींबरोबर कित्येक गाणीही गेली.

शेजारी कोणी शास्त्रीय गाणारे असतील, तर त्यांच्यापुढे या शोधाची बढाई मारू नये. मिरजेच्या तंबोऱ्याला बहुधा चारच तारा. मालकंस गायचा तर पहिली पंचमाची तार मध्यमाला, मारवा गायचा तर निषादाला. हे ते चहा घेता घेता करतात, आणि त्यावर लेख लिहीत नाहीत.

शेवटची सूचना: प्रयोग स्वतःच्याच गिटारवर करावा. मित्राच्या गिटारवर केला, तर अडचण त्याची होते आणि गाणीही त्यालाच सुचतात.