आरपार

(दिवे येतात. नट बनियन-पंच्यात, एका हातात छोटा वायपर, दुसऱ्या हातात स्प्रेची बाटली. नमस्कार करायला जातो, वायपर कपाळावर आपटतो.)

नमस्कार. घाबरू नका, पंच्याच्या आत चड्डी आहे.

मी वाघोलीत राहतो. (थांबतो.) टाळ्या नकोत, टँकर पाठवा.

फ्लॅट घेतला तेव्हा इंटिरियरवाला म्हणाला, "सर, बाथरूममध्ये ग्लास पार्टिशन टाकू. ओपन फील येतो." चार बाय सातची बाथरूम! साबण पडला तर उचलायला मला दार उघडून पॅसेजमध्ये यावं लागतं. त्यात ओपन फील! "टफन्ड आहे सर, आठ एमएम. लाइफटाइम काही होत नाही." काचेला नाही होत हो! माझं काय?

मग आत्या आली बघायला. सदाशिव पेठ. तिला प्रश्न एकच येतो. (कंबरेवर हात, आवाज नाकातून) "अरे, पण का?" मी नोकरी बदलली, "अरे, पण का?" मी मुलगी पसंत केली, मुलीच्या आईवडिलांसमोर, "अरे, पण का?" आता काचेपुढे उभी. "अरे, पण का? अंघोळ करताना तू कोणाला दिसायला हवायस?"

उत्तर नाही. हप्ते आहेत.

पहिला आठवडा काच कशी, तर आहे की नाही कळायचं नाही. मेहुणा कपाळ आपटून गेला. पुढच्या आठवड्यात ठिपके. मग पांढरे ओघळ. महिन्याभरात आतला माणूस कोण ते ओळखू येईना, म्हणजे जे दार लावून फुकट झालं असतं, ते आम्ही कर्ज काढून केलं.

कारण पाणी. पेठेत खडकवासल्याचं येतं. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं. ते पाणी नसतंच, पातळ केलेली फरशी असते! थेंब सुकतो, पाणी उडून जातं, कॅल्शियम काचेवर मुक्काम करतं. त्यात साबण मिसळला की फेस नाही, साय. वडीवरून पसरलेली, बोटानं निघत नाही अशी साय.

मी सेक्रेटरींना म्हटलं, पाणी तपासा. हा माणूस सोसायटीच्या बैठकीत माझा मुद्दा नेहमी "इतर विषयां"त टाकतो, तेव्हा चहा संपलेला असतो. त्यांनी रिपोर्ट ग्रुपवर टाकला, खाली दोन अंगठे. "मर्यादेत आहे." मर्यादा काय? भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत. आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या! म्हणजे पर्याय नसेल तर तिप्पट सोसा. (प्रेक्षकांतल्या जोडप्याकडे बघत) काका, तुम्ही का मान डोलावताय?

चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी वैतागून ॲसिड ओतलं. काच लख्ख! नळाचं क्रोम गेलं, बिजागरी काळी पडली, मार्बलचा उंबरा फसफसून खरखरीत झाला आणि साहेब खोकत जिन्यात.

ॲसिड नको. व्हिनेगर. निम्मं व्हिनेगर, निम्मं कोमट पाणी. फवारायचं, वर टिश्यू चिकटवायचा, नाहीतर सगळं ओघळून खाली. दहा-पंधरा मिनिटं धीर. मग मऊ स्पंज, घासणी नाही, चरे पडतात. आणि उंबऱ्यावर थेंब नाही! काचेवरचा क्षार आणि मार्बल आडनावबंधू, व्हिनेगरला दोघांतला फरक कळत नाही. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबू.

"अरे, पण का? लिंबू पोह्यांवर पिळायचं सोडून काचेवर? आमच्याकडे काच पेपरनं पुसायचे."

"आत्या, पेपर बंद केला. बातम्या मोबाइलवर."

"मग मोबाइलनं पूस!"

पण हे सगळं रविवारचं. रोजचं वेगळंय. थेंब सुकायच्या आत पुसायचे! म्हणजे कधी? अंघोळ झाल्याझाल्या. (उभा राहून करून दाखवतो.) मी. ओला. उघडा. हातात वायपर. वरून खाली... (कर्रर्र) एक पट्टा. शेजारी दुसरा पट्टा. खालचं रबर, त्यात काळी बुरशी, वाका. (वाकतो, पाठ काचेला लागते.) पुसलेल्या काचेवर माझी पाठ! पुन्हा. वरून खाली. केसांतलं पाणी काचेवर. पुन्हा! आता घाम आलाय. घामाची अंघोळ. म्हणून शॉवर सुरू. शॉवर सुरू म्हणजे काच ओली. (वायपर उचलतो, हताश.) वरून खाली...

(दारावर टकटक. नाकातून) "अरे, अंघोळ तुझी चाललीये की काचेची?"

(दिवे थोडे मंद. नट स्टुलावर बसतो.)

त्या रात्री आत्या सहज बोलून गेली. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, न्हाणी एक. दाराच्या जागी गोणपाट. म्हणून बायकांनी पहाटे चारला अंधारात आटपायचं, तांब्याचा आवाज न करता. "लग्नापर्यंत मी उजेडात अंघोळ केलेली मला आठवत नाही." आतून कडी असलेली न्हाणी तिला पहिल्यांदा मिळाली ती नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्या दिवशी म्हणे ती कडी लावून आत नुसतीच बसली. पाणी गार झालं तरी.

(शांतता. मग एकदम नाकातून) "हप्ता किती रे त्या काचेचा?"

दुसऱ्या दिवशी ती आत गेली. मी बाहेर, वायपर घेऊन तयार. पाण्याचा आवाज नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाहेर आली, अंघोळ झालेली, कुंकू लावलेलं. मी आत धावलो. काच कोरडी! एक थेंब नाही! कोपऱ्यात बादली, मग, पाटावर पाणी. भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आत्या, शॉवर?"

"अरे, एवढी पुसून ठेवलीस, उगाच भिजवायची कशाला?"

बायकोला पटलं. आता आम्ही सगळे बाहेरच्या बाथरूममध्ये अंघोळ करतो. आतली फक्त पाहुण्यांना दाखवतो. चप्पल बाहेर काढून.

(अंधार.)