दूधसागर बघण्याची पूर्वतयारी

आपण रिकामे झालो की धबधबाही रिकामाच असतो, असा नवशिक्यांचा समज असतो. तो आधी डोक्यातून काढा. गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवर, मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारा दूधसागर भर पावसाळ्यात खरा रंगात येतो, आणि नेमका तेव्हाच तिथे जाणारा जीपचा रस्ता बंद असतो. साधारण ऑक्टोबरात रस्ता उघडतो आणि तेव्हापासून पाणी उतरायला लागतं. मुलांच्या परीक्षा संपून, रजा मंजूर होऊन आणि मेहुण्याची गाडी मोकळी होऊन तुम्ही मे महिन्यात पोहोचता, तोवर सागर गेलेला असतो आणि दूध उरलेलं असतं. तेही पिशवीतलं.

पावसाळ्यातच बघायचा हट्ट असेल तर रेल्वे आहे. कुळे ते कॅसलरॉक हा घाट पोर्तुगीज काळात, १८८८च्या सुमारास खुला झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. कुळ्याला मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती गाडीला ढकलत वर नेतात. बोगदा संपतो, पूल येतो, डब्यात एकदम गारवा शिरतो, कुणीतरी ‘आला आला’ ओरडतं आणि पुढचा बोगदा लागतो. एवढंच दर्शन. त्यातही तुम्ही ज्या खिडकीशी बसाल, धबधबा तिच्या समोरच्या खिडकीतून दिसेल. हा नियम मी तीन वेळा पडताळून पाहिला आहे. मिरज-बेळगावमार्गे गोव्याला येणारी रात्रीची गाडी तर हा घाट बहुधा अंधारातच उतरते. तेव्हा ऐकू येतो तोच धबधबा समजावा आणि परत झोपावं.

२०१३च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये गाडी थेट धबधब्यासमोर थांबते. ते बघून बरेच जण आपलीही थांबेल म्हणून दारात उभे राहतात. सिनेमातली गाडी निर्मात्याच्या खर्चाने थांबली होती. दूधसागर नावाचं स्थानक तिथे आहे खरं, पण पर्यटकांना तिथे उतरू देत नाहीत. रुळांवरून चालत जायची युक्ती तुम्हाला सुचली असेल, तर ती तुमच्याआधी शेकडो जणांना सुचलेली आहे. जुलै २०२३मध्ये अशा मंडळींना रेल्वे पोलिसांनी रुळांच्या कडेला ओळीने उठाबशा काढायला लावल्या. देशभर गाजलेली ती चित्रफीत पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी नीट पाहून घ्या. आकृतीत न दिसणारा भाग म्हणजे रेल्वे कायद्याचं कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उठाबशा त्या कलमात नाहीत, त्या वरकड.

उरली जीप. कुळ्याला पहाटे जाऊन रांगेत उभं राहा. ‘आम्ही लवकर आलो’ असं वाटायला लागलं की मागे वळून न पाहता पुढे पाहा. पुढे हॉटेलांतून तुमच्याआधी निघालेली सगळी बागा-कळंगुट उभी असते. एका जीपमध्ये सात जण. तुम्ही पाच असाल, तर उरलेल्या दोन जागांवर नवं लग्न झालेलं जोडपं येतं. पुढचा तासभर त्यांना तुम्ही नको असता आणि तुमच्या आईला त्यांची सगळी माहिती हवी असते.

लाइफ जॅकेटबद्दल नीट ऐका, कारण सगळ्या सहलीत तुमच्या सर्वांत जवळची वस्तू तीच. ते केशरी असतं आणि ओलं असतं. ओल कालच्या माणसाची असते. तीन बक्कलांपैकी एक तुटलेलं, एक लागतं पण सुटत नाही, आणि तिसऱ्याच्या जागी कुणा सज्जनाने पायजम्याची नाडी ओवलेली. ती नाडी सर्वांत भरवशाची, असा माझा अनुभव आहे.

वाटेत जीप ओढ्यांत उतरते. ‘उदक चड आसा,’ असं ड्रायव्हर म्हणाला की ती तक्रार नसते, सूचना असते: पाय वर घ्या. दाराच्या फटीतून पाणी आत येतं, पायांशी घोटाभर साचतं आणि त्यात कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल फिरायला लागते. माझी अशीच एक, जोडप्यातल्या नवऱ्याच्या बुटाला प्रदक्षिणा घालून मागच्या फटीतून अभयारण्यात गेली. २४० चौरस किलोमीटरच्या जंगलात ती शोधणं वन खात्यालाही शक्य नव्हतं. गवे आहेत, शेकरू आहे, असं जाताना सगळे सांगतात. प्रत्यक्षात भेटतात ती माकडं, आणि तीही वेफर्सच्या पुड्याला भेटायला येतात. पुडा सोडून द्या. वाद घालू नका, त्यांना रोजचा सराव आहे.

जीप थांबली की दगडधोंड्यांतून पायपीट. एका चपलेवर ती कशी करायची, हा प्रगत अभ्यासक्रम झाला.

आणि मग झाडं बाजूला होतात. इथे मार्गदर्शकाने जरा गप्प बसावं हे बरं. आवाजात त्याचं कुणाला ऐकूही जात नाही. पाणी पडताना दिसत नाही, वरून खाली येता येता त्याचं पीठ होतं आणि ते तोंडावर बसतं. दंतकथा सांगायची हीच जागा: तळ्यावर न्हाणाऱ्या राजकन्येकडे झाडांआडून एक राजपुत्र पाहत होता, म्हणून आडोशाला घड्यातलं दूध ओतलं, तोच हा धबधबा. एका राजपुत्रापुरता पडदा पुरला. आता समोर दोनशे मोबाइल असतात.

मधल्या पुलावरून गाडी जायला लागली की खालचे सगळे धबधबा सोडून गाडीकडे बघतात. दारात लोंबकळणारा माणूस हात हलवतो. पाण्यात पाय सोडून बसलेल्या तुमच्याकडे बघून तो हळहळतोय, आणि कोरडा राहून घाट चढणाऱ्या त्याच्याकडे बघून तुम्ही. हात हलवा. त्याच्या फोटोत तुम्ही एक केशरी ठिपका म्हणून येणार आहात. तोवर मागून ड्रायव्हर ‘बेगीन येयात’ म्हणून हाका मारायला लागतो. निघताना जॅकेट परत करायचं असतं, तेव्हा नाडीला गाठ मारली असेल तर ती आत्ताच, बोटं ओली व्हायच्या आधी, सोडवायला घ्या.