पहिल्या लेव्हलचे रहिवासी

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेशिवाय काही नाही, असं आमच्या नात्यागोत्यात दोन्हीकडून बोललं जातं; बोलणारा कुठला आहे त्यावर फक्त सूर बदलतो. तालुके शेजारी, मध्ये भीमा. आमचं घर शिरूरला, मामा दौंडला, त्यामुळे हा टोमणा मी दोन्ही सुरांत ऐकलाय. एरवी त्याला फारसा अर्थ नाही. पण कॉन्ट्रा या व्हिडिओ गेमचा तीस लाइफचा कोड दौंडला आधी पोचला आणि शिरूरला कितीतरी उशिरा, याचं दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या प्रत्येक पोराला सोलापूरला, मनमाडला नाहीतर भुसावळला एक चुलतभाऊ असायचाच. कोड रुळावरून यायचा, तोही पासवर. शिरूरला तो एसटीनं यायचा, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरे करत, आणि वाटेत त्यातलं काहीतरी उतरून जायचं. ‘वर वर, खाली खाली, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट’ एवढाच कोड आमच्या गल्लीत बरेच दिवस चालत होता. दुसरं डावं-उजवं बहुधा केडगावला उतरलं असावं. आम्ही बटणं बडवायचो, आणि कॉन्ट्रा आम्हाला इमानदारीत तीनच लाइफ द्यायचा.

हा कोड ज्यांनी लिहिला ते काझुहिसा हाशिमोतो कोनामी कंपनीत होते. १९८६ साली ग्रेडियस हा गेम घरच्या यंत्रावर आणायचं काम त्यांच्याकडे आलं. तपासायचा म्हणजे खेळावा लागणार, आणि तो काही त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही चोरवाट केली, आणि गेम बाजारात जाताना ती काढायची राहून गेली. पुढे १९८८ च्या कॉन्ट्रामध्येही तीच आली. आपण बनवलेला गेम आपल्यालाच जमत नव्हता, हे त्या माणसानं मोकळेपणानं सांगून टाकलं. माझ्या मामेभावाच्या तोंडून असं वाक्य आजवर निघालेलं नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

यंत्र मूळचं निन्टेन्डोचं. जपानात ते जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावानं निघालं. दौंड-शिरूरपर्यंत आली ती त्याची नक्कल, आणि नकलेचीही नक्कल. खोक्यावर मारिओचं चित्र, आत काय निघेल ते तुमचं नशीब. कॅसेट पिवळी, आणि तिच्यावर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’. म्हणजे कोटीला एक कमी. पूर्ण कोटी लिहायला छापणाऱ्याला लाज वाटली असावी. एकदा अशा एका कॅसेटचं कवच तडकलं तेव्हा आम्ही ते पुरतंच उघडून बघितलं. आत बोटभर हिरवी पट्टी, आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडून वाळावा तसा एक काळा ठिपका. बाकी सगळी पोकळी. सगळे गेम त्या ठिपक्यात.

गेम अर्थातच कोटभर नव्हते. यादीतले पहिले काही खरे, मग तोच मारिओ दुसऱ्या वर्ल्डपासून, तोच कॉन्ट्रा वेगळी गन हातात देऊन, मग पुन्हा तेच, नावं बदलून. तरी आमच्यातला एखादा चिवट पोरगा खालचं बटण दाबून धरायचाच. पुढे काहीतरी असेल, ही आशा.

ते पहिले काही गेम तेच का, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. बॅटल सिटी २४ किलोबाइटचा, सुपर मारिओ ब्रदर्स ४० चा, कॉन्ट्रा १२८ चा. रोज सकाळी काका फॅमिली ग्रुपवर फुलं आणि सुविचार टाकतात, तो फोटोसुद्धा मारिओपेक्षा जड असतो. मारिओ बनवणाऱ्यांनी जागेची इतकी काटकसर केली की त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. स्वस्त चिपवर जास्त गेम बसवायचे तर जुने, लहान गेम घ्यायला लागतात. म्हणून २००० साल उलटून गेल्यावरही आम्ही १९८४-८५ चे गेम नवेकोरे समजून खेळत होतो. आमची आवड आमच्याआधी चिपच्या किमतीनं ठरवून ठेवली होती. याचं मला दुःख नाही. साड्यांच्या बाबतीत आमच्या घरात हेच चालायचं.

झेल्डासारखा गेम त्या ठिपक्यात कुठून येणार? १९८७ साली अमेरिकेत त्याची जी कॅसेट निघाली तिच्यात एक छोटी बॅटरी होती. खेळ थांबवला तरी तोवर कमावलेलं तसंच राहायचं. आमच्या कॅसेटला असली स्मरणशक्ती नव्हती. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

आणि लाइट जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, पण लाइटनं ते वाचलेलं नसायचं. आता जाईल, मग जाईल, या धाकात मारिओ दुप्पट वेगानं पळायचा. त्या गेममध्ये बत्तीस लेव्हल आहेत हे कळलं तेव्हा मला मिशी फुटली होती. पहिल्या लेव्हलचे मात्र आम्ही रहिवासी. कुठल्या विटेतून एकामागून एक नाणी निघतात, कुठल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागी उडी मारली की हिरवा मशरूम मिळतो, चौथ्या पाइपातून खाली कसं उतरायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. दुसऱ्या लेव्हलला आमचं जाणं-येणं होतं. तिसऱ्याच्या पुढे आम्ही पाहुणे.

लोडशेडिंगला सगळ्यात सोयीचा बॅटल सिटी. आम्ही त्याला टँकच म्हणायचो. एका लेव्हलला शत्रूचे वीस टँक, खाली विटांच्या कुंपणात आपला गरुड. तो फुटला की खेळ खलास. दोघांनी मिळून खेळायचा, म्हणजे भांडायचा. जोडीदाराला गोळी लागली की तो मरत नाही, काही क्षण जागच्या जागी गोठतो. आणि आपल्याच गोळीनं आपलाच गरुड फुटतो. रुसलेल्या धाकट्या भावाच्या हातात एवढी सत्ता मी नंतर कुठल्याही कुटुंबात बघितली नाही. “दादा, मला पहिला रिमोट दे, नाहीतर फोडतो.” पहिला रिमोट मिळायचा.

रोड फायटरमध्ये गाडी ४०० च्या वेगानं जायची. शिक्रापूरच्या चौकात गाडी बंद करून बसलेल्या माणसाला त्यावर अजून काय सांगणार!

डक हंटची बंदूक दौंडला मामाकडे होती. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. म्हणजे गोळी आपण टीव्हीकडे मारत नव्हतोच, टीव्हीच आपल्याला मारत होता. “पोरांनो, बल्बवर धरा, हमखास लागतंय,” असं मामा म्हणायचा. लागत नाही. बंदुकीला आधी अंधार दिसावा लागतो, नुसत्या उजेडाला ती फसत नाही. आज्जीला वेगळीच काळजी. “अरे, पिक्चर ट्यूब फुटंल!” त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. आमचा नेम मात्र कधी बसायचा नाही आणि गवतातलं ते कुत्रं उभं राहून दात काढायचं. एका बदकाच्या खेळात रिमोट धरणाऱ्याला ते बदक हवं तिकडे उडवता येतं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. रिमोट नेहमी मामेभावाच्या मांडीवर असायचा. “केबल लोंबकळायला नको,” म्हणायचा.

आता रांजणगावच्या गणपतीजवळच्या एमआयडीसीत एलजीचे टीव्ही बनतात. त्या चपट्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं, आणि जुन्या बंदुकीला तेवढाही उशीर चालत नाही. तेव्हा शिरूर तालुक्यात सध्या बदकं सुरक्षित आहेत.

तर मामेभाऊ. टँकची शेवटची लेव्हल त्यानं एका रात्री एकट्यानं पूर्ण केली होती, आणि ती संपली की कुंपणातला गरुड पंख पसरून उडून जातो, असं तो सांगायचा. पंख कसे पसरतो ते हात करून दाखवायचा. साक्षीदार कोणी नव्हता, पण लाइट गेली नाही अशी रात्र दौंडमध्ये होऊन गेली हेच मोठं होतं. बाकीचं आम्ही त्या भरात मानून टाकलं. शिरूरच्या शाळेत मी ही हकिकत छातीठोकपणे पसरवली. गेममध्ये पस्तीस लेव्हल आहेत आणि पस्तिसावी संपली की मुकाट्यानं पुन्हा पहिली सुरू होते, हे आता कोणालाही कळतं. मलाही कळलं. मागच्या लग्नसराईत पाटसला एका कार्यालयात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो, तेव्हा मी हळूच विषय काढला. म्हटलं, अरे, पस्तीसनंतर गरुडबिरुड काही उडत नाही.

त्यानं मठ्ठ्याचा ग्लास संपवला, खाली ठेवला.

“पस्तीसला कोण म्हणालं? सत्तरला उडतो.”